मला नाही ठाऊक, बाईसाहेब

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'च्या आमच्या संहितेच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी होती. ऑथेल्लो, सेनापती. कॅसिओ, त्याचा नायब. इयागो, त्याच्या हाताखालचा निशाणदार. डेस्डिमोना, व्हेनिसच्या एका मानकऱ्याची मुलगी. आणि बरंच खाली: एमिलिया, इयागोची बायको. एवढीच ओळख. जूनच्या पहिल्या आठवड्यात परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये पहिलं वाचन झालं, तेव्हा मीही तिच्याकडे त्याच नजरेनं बघत होते.

मी एकोणपन्नास वर्षांची. फोर्टात बँकेत नोकरी, घर डोंबिवलीला. कॉलेजपासून हौशी नाटकांत आहे. आई केली, मावशी केली, दार उघडून चहा आणणारी शेजारीण तर कितीदा केली. एमिलियाच्या कामासाठी आमच्या दिग्दर्शक सरांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "शेवटच्या अंकात नाटक तुझ्या हातात आहे." ते खरंच होतं. पण शेवटच्या अंकापर्यंत पोचायच्या आधी तिसऱ्या अंकातल्या एका चार शब्दांच्या वाक्यानं मला सात आठवडे अडवून धरलं. हे लिहायला बसले आहे ती त्या वाक्यासाठी.

मराठीला ऑथेल्लो नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली त्याचं भाषांतर केलं, १८९० साली देवलांचं 'झुंझारराव' आलं, पुढे शिरवाडकरांनीही त्याला मराठीत आणलं. देवलांच्या काळात बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि १६०४ साली लंडनच्या राजवाड्यात ऑथेल्लोचा नोंदलेला पहिला प्रयोग झाला तेव्हाही एमिलिया एक मुलगाच झाला असणार. सरांनी आमच्यासाठी स्वतःचं भाषांतर केलं होतं. साधी बोली. "तुम्हाला तोंडात घोळवता येईल असं," ते म्हणाले.

पहिले तीन आठवडे पाठांतर करायचं नाही असा त्यांचा नियम. प्रत्येकानं एक वही करायची आणि प्रवेशागणिक तीनच गोष्टी लिहायच्या: मी कुठे आहे, मी काय बघते, मला काय माहीत आहे.

माझ्या वहीत पहिला अंक कोरा. एमिलिया त्यात येतच नाही. पण वाचता वाचता एक ओळ सापडली. ऑथेल्लोला सायप्रसला निघायचंय, बायको मागून येणार आहे, तिला तो इयागोच्या हवाली करतो आणि जाता जाता म्हणतो, तुझ्या बायकोला हिच्या सोबतीला दे. झाली नेमणूक. तिला कुणी विचारलेलं नाही, ती तिथे हजरही नाही.

दुसऱ्या अंकात जहाज सायप्रसला लागतं. कॅसिओ रीतीप्रमाणे एमिलियाचं स्वागत करतो, आणि तेवढ्यात इयागो चारचौघांत बोलून घेतो: हिची जीभ मला जितकं ऐकवते तितकं तुम्हाला ऐकवलं असतं, तर तुमचं पोट भरलं असतं. त्यावर डेस्डिमोना म्हणते, अहो, ती बिचारी तर बोलतही नाही. आणि खरंच, तो बायकांच्या जातीवर कडव्यांमागून कडवी रचत राहतो, त्या सबंध प्रवेशात एमिलिया दोन वाक्यं बोलते. असं म्हणायला तुम्हाला काही कारण नाही, हे एक. माझं कौतुक तुम्ही लिहू नका, हे दुसरं. बाकी वेळ नुसतं उभं राहायचं. रिकाम्या हातांनी उभं राहणं हे नटाला किती जड जातं ते ज्यांनी केलंय त्यांना कळेल. सरांनी माझ्या हातात सामानाची यादी दिली. "पेटारे मोज. नवरा असं बोलायला लागला की बाई काहीतरी मोजायला लागते." मी पेटारे मोजले. शेवटच्या प्रयोगापर्यंत मोजले.

मग रुमाल.

गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला दिलेली पहिली भेट म्हणजे हा रुमाल, त्यावर स्ट्रॉबेऱ्या भरलेल्या. इयागोला तो हवा आहे, कारण तो कॅसिओच्या खोलीत टाकून त्याला ऑथेल्लोच्या मनात विष कालवायचंय, की डेस्डिमोनाचं आणि कॅसिओचं काहीतरी आहे. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोचं डोकं दुखतं म्हणून ती रुमाल बांधायला जाते, तो म्हणतो हा लहान आहे, आणि रुमाल खाली पडतो. दोघं आत जातात. मागे राहते ती एमिलिया. ती उचलते.

हा रुमाल आमच्या कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंनी मलमलीवर स्वतः भरला होता. पण कोरं कापड खाली पडताना तरंगायचं, कधी पलंगाखाली, कधी थेट विंगेत. तीनदा धुऊन त्याची खळ घालवली, तरी जागेवर पडेना. शेवटी चारही कोपऱ्यांत आतून एकेक मणी शिवला, तेव्हा कुठे तो दिव्याखाली पडायला लागला.

तो उचलल्यावरचं तिचं बोलणं मी सुरुवातीला भराभर म्हणून टाकायचे. वहीत लिहायला बसले तेव्हा थांबले. ती म्हणते, माझ्या लहरी नवऱ्यानं शंभरदा माझी मनधरणी केली, हा चोर म्हणून. बाईसाहेबांचा ह्याच्यावर फार जीव, त्या ह्याचे मुके घेतात, ह्याच्याशी बोलतात. आता ह्याच्यावरचं काम उतरवून घेते आणि ह्यांना देते. काम उतरवून घेते, म्हणजे नमुना दुसऱ्या कापडावर काढून घेते. आमच्या आईच्या पिढीच्या बायका शेजारणीच्या उशीच्या अभ्र्यावरचा नमुना असाच उतरवून घ्यायच्या. म्हणजे एमिलियाच्या मनात चोरी नव्हतीच कदाचित. नक्कल नवऱ्याला, अस्सल बाईसाहेबांना, घर पण शांत आणि चाकरी पण शाबूत. पण नमुना उतरवायला वेळच मिळत नाही. इयागो येतो, तिच्या हातून हिसकावतो. ती म्हणते, महत्त्वाचं काम नसेल तर परत द्या हो, सापडला नाही तर वेडी होईल बिचारी. तो म्हणतो, तुला ह्यातलं काही माहीत नाही असंच राहू दे. जा.

'वेडी होईल' हे तिला माहीत आहे. हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

आणि पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे पडला असेल गं, एमिलिया?

मला नाही ठाऊक, बाईसाहेब.

एवढंच. स्वगत नाही, खुलासा नाही. त्यानंतर ऑथेल्लो येतो आणि रुमाल मागतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी तर त्याच्या तोंडात तो एकच शब्द उरतो: रुमाल! रुमाल! एमिलिया हे सगळं तिथे उभं राहून बघते. चार पावलांवर. एका वाक्यात सगळं थांबवू शकेल अशी त्या घरात तेव्हा ती एकटीच आहे, आणि ती बोलत नाही. तो निघून गेल्यावर विचारते, ह्याला संशयी नाही म्हणायचं? आणि मग पुरुषांबद्दल ते जळजळीत बोलते: ते सगळे पोट, आपण सगळ्या अन्न, भूक असेतो गिळतात आणि पोट भरलं की ढेकर देऊन मोकळे होतात. इतकं सगळं बोलते. फक्त रुमालाचं बोलत नाही.

ती का खोटं बोलते यावर आमच्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी गेल्या. इयागो करणारा मुलगा म्हणाला, भीती. डेस्डिमोना करणारी चोविशीची मुलगी म्हणाली, हेवा; एवढं प्रेम करणारा नवरा दुसरीला मिळालाय हे रोज बघायचं. कपडेपटवाल्या ताई सुई-दोरा खाली न ठेवता म्हणाल्या, "घरी कटकट नको म्हणून. दुसरं काय?"

मी ते वाक्य पन्नास तऱ्हांनी म्हणून पाहिलं. आधी मोठा पॉज घेतला. मग नजर खाली टाकली. मग आवंढा गिळला, हात थरथरवले, पदराशी चाळा केला. सर रोज ऐकायचे आणि रोज मान हलवायचे. एके दिवशी म्हणाले, "ताई, ती खोटं बोलतेय हे तू मला सांगतेयस. तिनं ते कुणालाच सांगितलेलं नाही. स्वतःलासुद्धा नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी मला मूळ कथेबद्दल सांगितलं. शेक्सपिअरनं ही गोष्ट घेतली ती चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या कथासंग्रहातून. त्या कथेत रुमाल इयागोच्या बायकोनं घेतलेलाच नाही. डेस्डिमोना त्यांच्या लहान मुलीला कडेवर घेते आणि तेवढ्यात तो नवरा स्वतःच तिच्या कमरेचा रुमाल काढतो. पण तिथे बायकोला त्याचा सगळा कट ठाऊक असतो, आणि नवऱ्याच्या भीतीनं ती तोंड उघडत नाही. शेवटी तो मेल्यावर जगाला ही हकीकत सांगते ती तीच. शेक्सपिअरनं हे उलटं केलं. तिच्याकडून माहिती काढून घेतली आणि तिच्या हातात रुमाल दिला. कथेतल्या बाईला सगळं माहीत आहे, पण तिनं काही केलेलं नाही. नाटकातल्या बाईनं केलंय, आणि तिला अर्धंच माहीत आहे. आणि जिवंत राहून गोष्ट सांगण्याची सोयही त्यानं तिला ठेवली नाही.

त्या रात्री परळहून स्लो पकडून दादरला आले आणि गाडीची वाट बघत पुलाखाली उभी राहिले. पाऊस आडवा येत होता. तिथे मला एकदम मेथीचा वास आला. म्हणजे खरा नाही, आठवणीतला.

बावीस-तेवीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा चिंचपोकळीला राहायचो. आई, मी, दादा आणि वहिनी. दादाचा छपाईचा धंदा बसला होता. एका दुपारी त्यानं वहिनीच्या पाटल्या नेऊन गहाण ठेवल्या. मी घरात होते, मी बघितलं. तो म्हणाला, "हिला काही बोलू नकोस, महिन्याभरात सोडवून आणतो." पाटल्या तांदळाच्या डब्यात असायच्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी वहिनींनी डब्यात कोपरापर्यंत हात घातला, मग सगळे तांदूळ परातीत ओतले, मग कपाट काढलं. स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाल्या, "वन्सं, माझ्या पाटल्या कुठे पाहिल्यात का हो?" मी मेथी निवडत होते. "नाही हो वहिनी, मला नाही माहीत," म्हटलं आणि निवडत राहिले.

हात थरथरले नव्हते. पॉज नव्हता. मेथीच्या काड्या एकीकडे, पानं एकीकडे. आत्ता वेळ मारून नेऊ, महिन्याभरात पाटल्या येतीलच, हे इतकं सोपं होतं की ते खोटं आहे हेच मला जाणवलं नव्हतं.

पाटल्या आल्या नाहीत. चार दिवसांनी संशय भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर गेला. वहिनींनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तरी सांगा." दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता.

मी काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीला जाताना मी घरातल्या चार चादरी घेऊन गेले. सरांना म्हटलं, मला ह्या घड्या घालू द्या. डेस्डिमोनानं विचारलं, "रुमाल कुठे पडला असेल गं, एमिलिया?" मी चादरीची दोन टोकं जुळवत होते. "मला नाही ठाऊक, बाईसाहेब." तिसरी घडी, चौथी घडी. समोरची मुलगी क्षणभर पुढचं वाक्य विसरली. मला नंतर म्हणाली, "ताई, मला खरंच वाटलं तुम्हाला माहीत नाही." सर काही बोलले नाहीत. त्यांनी संहितेत पेन्सिलीनं एक खूण केली आणि पुढचा प्रवेश घेतला.

मला आनंद झाला का? झाला. आणि त्या आनंदाची लाजही वाटली. जी गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती तिचा उपयोग करून मी एक वाक्य बरोबर म्हटलं होतं, आणि मावशींना त्याचा काय उपयोग होता?

त्या रविवारी मी ठाण्याला वहिनींकडे गेले. दादा जाऊन सहा वर्षं झाली. चहा होईपर्यंत थांबले नाही, ओट्यापाशी उभी राहूनच सगळं सांगितलं. वहिनींनी गॅस बंद केला. मला वाटलं त्या दादाबद्दल विचारतील, किंवा मी का गप्प बसले ते विचारतील. त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आणि मावशी?"

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी करी रोडला गेलो. मावशींची चाळ उरलेली नाही. तिथे टॉवर आहे. गल्लीतल्या वाणसामानाच्या दुकानात, गणपतीच्या मंडळाच्या कार्यालयात, चक्कीवर विचारलं. चक्कीवाला नवा होता. वहिनी कुणाशी बोलताना 'आमच्या मावशी' म्हणत होत्या.

तालमी पुढे चालू होत्या. ऑगस्टच्या मध्याला दोन अडीच तासांत नाटक बसवायचं म्हणून कापाकापी सुरू झाली, आणि सरांची पेन्सिल चौथ्या अंकातल्या शेजघराच्या प्रवेशावर आली. डेस्डिमोना निजायची तयारी करते, आईच्या दासीकडून ऐकलेलं गाणं गाते, आणि एमिलिया तिला सांगते की बायका चुकतात त्यात चूक नवऱ्यांची असते. त्यांनाही डोळे आहेत, नाक आहे, आंबट-गोड कळतं, तसं बायकांनाही कळतं. त्यांनी आपल्याला नीट वागवावं, नाहीतर आपण जे वाईट करतो ते त्यांच्याकडूनच शिकलो हे त्यांनी जाणावं. सर म्हणाले, नाटकाच्या १६२२ च्या पहिल्या छापील आवृत्तीत हे गाणं नाही आणि हे बोलणंही नाही. ते शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात आहे. म्हणजे त्या काळीही ह्याच्याशिवाय नाटक उभं राहत असेल.

मी त्यांच्याशी इतक्या जोरात कधी भांडले नव्हते. गाणं गेलं की मरतानाची ओळ जाते, म्हटलं. एमिलिया मरताना तेच गाणं म्हणते. आणि ह्या प्रवेशात एमिलियाला पहिल्यांदा कुणीतरी विचारलंय की तुला काय वाटतं. रात्री उशिरा, केस विंचरताना, दोघीच असताना. तिला रुमालाचं सांगायचं असेल तर ती हीच वेळ होती. ती सगळ्या जगाचं बोलते आणि तेवढं बोलत नाही. हे प्रेक्षकांना दिसायला नको का? सरांनी ऐकून घेतलं. कापलं दुसरीकडचं, विदूषकाचा एक प्रवेश गेला, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्या गाण्यातलं झाड म्हणजे विलो. मराठीत त्याला वाळुंज म्हणतात, नदीकाठी वाढतं. आमच्या संगीत करणाऱ्या मुलानं ओवीची चाल घेतली आणि शब्द आम्ही सगळ्यांनी मिळून जुळवले:

नदीच्या काठाला, वाळुंज वाकलेला
जीव मी लावलेला, परका झाला

नवऱ्यांच्या चुकांचं ते बोलणं मी पाठ केलं लेडीज डब्यात. सकाळची ८.१५ ची गाडी, घाटकोपरपर्यंत उभ्यानं, मान खाली, ओठांतल्या ओठांत. एक दिवस खिडकीत बसलेल्या मावशींनी गजरा ओवता ओवता विचारलं, "काय पुटपुटता हो रोज? स्तोत्र का?" मी सांगितलं नाटक आहे. "म्हणा बघू मोठ्यानं." मी म्हटलं. मुलुंड ते विक्रोळी. संपल्यावर चौथ्या सीटवरची मुलगी इयरफोन काढून म्हणाली, "काकू, परत म्हणा ना." दुसऱ्यांदा म्हणताना मला कळलं की मी हे फार रागानं म्हणते. त्या बायकांना ते रागानं ऐकायचं नव्हतं. त्यांना हिशेब ऐकायचा होता, वाण्याच्या वहीसारखा: हे तुम्ही केलंत, हे आम्ही केलं. मी तालमीत आवाज खाली आणला.

आता पाचवा अंक. त्यात आमचा सगळा कस लागला तो सर्वनामांवर.

ऑथेल्लोनं डेस्डिमोनाचा गळा दाबलाय. एमिलिया आत येते. तो म्हणतो, ती बदफैली होती, विचार तुझ्या नवऱ्याला, त्याला सगळं माहीत होतं. मुळात ती विचारते, माझा नवरा? पुन्हा, माझा नवरा? इतक्यांदा, की तो वैतागतो, हे काय तेच तेच, बाई! आता मराठीत एमिलियासारखी बाई 'माझा नवरा' म्हणेल का? आमच्या आईनं बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी उच्चारलं नाही. ती 'हे' म्हणायची. सरांच्या पहिल्या खर्ड्यात 'माझा नवरा?' होतं. मी म्हणून पाहिलं आणि ते परकं वाटलं. "'ह्यांनी?' म्हणते," म्हटलं. "ह्यांनी सांगितलं?" सर खुर्चीतून उठले. तिथून आम्ही मागे गेलो आणि सबंध नाटकभर तिला 'अहो' आणि 'हे' दिलं. मूळात ती नवऱ्याला नावानं हाक मारते, आधीही मारते. आम्ही ते आधीचं काढलं आणि नाव राखून ठेवलं.

कारण पुढे ही जागा येते. इयागो आत येतो, लोक जमतात, एमिलिया बोलायला लागते आणि तो म्हणतो, गप्प बस, घरी जा. ती जमलेल्या पुरुषांकडे वळून परवानगी मागते: मला बोलू द्या. ह्यांचं ऐकणं माझं कर्तव्य आहे, पण आत्ता नाही. आणि मग नवऱ्याकडे बघून: इयागो, कदाचित मी आता घरी यायचीच नाही.

आमच्याकडे लग्नात बायकोला 'नाव घे, नाव घे' म्हणून आग्रह करतात. तालमीत पहिल्यांदा 'इयागो' म्हटलं तेव्हा माझ्या कानात तो घोळका होता. त्या एका हाकेनंतर 'अहो' संपतं, 'तू' सुरू होतं. समोरचा मुलगा, एरवी अगदी गुणी, खरंच एक पाऊल मागे सरला. सरांनी ते पाऊल ठेवून दिलं.

अजून एक अर्धी ओळ आहे. घात, घात म्हणून ओरडताना एमिलिया मध्येच म्हणते, मला तेव्हाच वाटलं होतं. कशाबद्दल वाटलं होतं, केव्हा, ते सांगत नाही. पुढे म्हणते, दुःखानं जीव देईन मी. सरांच्या खर्ड्यात ही अर्धी ओळ गळाली होती. मी इंग्रजी प्रत पुढे ठेवून ती मागून घेतली. माझ्या मते सबंध भूमिका त्या ओळीवर टेकलेली आहे. त्यानंतर ती रुमालाचं सांगते, मीच उचलला, मीच दिला, हा किती दिवस मागे लागला होता. सगळ्या जगानं माझी छी-थू केली तरी बोलणार. मूळात ती म्हणते उत्तरेच्या वाऱ्यासारखी मोकळी बोलेन. मुंबईत उत्तरेचा वारा म्हणजे जानेवारीची सुखद थंडी, म्हणून आम्ही वळवाचा वारा केला. बोलणं पुरं होतं, आणि नवरा मागून सुरा खुपसून पळतो.

सप्टेंबरच्या शेवटी गिरगावात, केळेवाडीतल्या साहित्य संघ मंदिरात प्रयोग लागला. नारळ फुटला, नटराजाला हार घातला, तिसरी घंटा झाली. पहिल्या दोन अंकांबद्दल मला काहीच आठवत नाही. रुमाल दिव्याखाली पडला हे आठवतं. चादरींच्या घड्या आठवतात. 'मला नाही ठाऊक' वर प्रेक्षकांत कुठेतरी एका बाईनं 'च्' केलं, तेही.

'मला तेव्हाच वाटलं होतं' ही ओळ मी कुणाकडे बघून म्हणायची ते तालमीत ठरलं नव्हतं. कधी ऑथेल्लोकडे, कधी जमिनीकडे. त्या दिवशी मी पलंगावर पडलेल्या मुलीकडे बघितलं. तिचा हात पलंगाखाली लोंबत होता, पंजा उघडा. ओल्या हातांचे पदराला पुसलेले डाग मला दिसले. मी ओळ म्हटली. आवाज फुटला, फुटायला नको होता, सरांनी नंतर तसं सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं.

सुरा लागल्यावर मला बाईसाहेबांशेजारी निजवतात. ओवीची एक ओळ, एक शेवटचं वाक्य, ती निष्पाप होती, तुमच्यावर तिचं प्रेम होतं. आणि मग मेलेलं पडून राहायचं. ऑथेल्लोचं शेवटचं भाषण मी डोळे मिटून ऐकलं. शेजारच्या मुलीचा खांदा गार पडला होता, एसीचा झोत बरोब्बर आमच्यावर होता. तिनं कुणाला दिसणार नाही अशी करंगळी माझ्या करंगळीत अडकवली.

पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी झाली. मी आरशासमोर खोबरेल तेलानं रंग उतरवत होते. वहिनी आल्या, मागच्या स्टुलावर बसल्या, पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. नाटकाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. गर्दी जरा हटल्यावर म्हणाल्या, "वन्सं, करी रोडच्या त्या मंडळातल्या मुलाचा फोन आला होता. मावशींची एक भाची विरारला असते म्हणतो. पत्ता अर्धाच आहे. रविवारी जाऊ या?"

मी कानामागचा रंग पुसत विचारलं, "किती वाजता निघू या?"